केंद्र, केंद्रक आणि गाभा : एका पारिभाषिक संज्ञेचा अर्थविचार

मराठी माध्यमातून दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला विद्यार्थी अणूच्या मध्यभागी असलेल्या धनप्रभारित भागाला ‘केंद्रक’ म्हणतो. पेशीच्या अंतर्भागात राहून तिच्या व्यापारांचे नियंत्रण करणाऱ्या घटकालाही तो ‘केंद्रक’च म्हणतो. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्यावर हा शब्द त्याच्या वहीतून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी ‘न्यूक्लिअस’ येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील ज्या मराठी शाळांनी सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू केले आहेत, तेथे तर विज्ञान इंग्रजीतूनच शिकविले जात असल्याने ‘केंद्रक’ या शब्दाशी विद्यार्थ्याची गाठ पडतेच असे नाही. एका पारिभाषिक संज्ञेचे आयुष्य असे शालेय इयत्तांच्या मर्यादेत अडकलेले असताना ती संज्ञा मुळात कोणता अर्थ सांगते, हा प्रश्न विज्ञानाच्या अध्यापकापेक्षा भाषेच्या अध्यापकाने विचारावा असा आहे.

परिभाषेवरील चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच कसोट्यांवर चालते. शब्द सोपा की अवघड, आणि शब्द स्वकीय की परकीय. ‘केंद्रक’ या संज्ञेच्या बाबतीत या दोन्ही कसोट्या अपुऱ्या पडतात. हा शब्द अवघड नाही, कारण ‘केंद्र’ रोजच्या वापरातील आहे. तो स्वकीयही वाटतो, कारण त्याला संस्कृतचा पेहराव आहे. तरीही मूळ संकल्पनेत जे सांगितले आहे ते हा शब्द सांगतो काय, आणि सांगत नसल्यास ते सांगू शकणारा शब्द मराठीत होता काय, हे दोन प्रश्न शिल्लक राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

कठीण कवचातील गर

‘न्यूक्लिअस’ या संज्ञेचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘नुक्स’ म्हणजे कवचाचे फळ, म्हणजे अक्रोड, बदाम या जातीचे. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘नुकुला’, आणि त्यावरून ‘नुक्लेउस’. अर्थ असा की कवच फोडल्यावर आत सापडतो तो खाण्याजोगा गर. पुढे फळातील कठीण बी, कोय असाही. रोमन बांधकामात फरसबंदीच्या खालच्या थरांपैकी एका थराला हेच नाव होते. म्हणजे लॅटिन भाषकाच्या मनात या शब्दाबरोबर उभी राहणारी प्रतिमा एखाद्या बिंदूची नव्हती. ती एका घन, भरीव, आवरणाखाली दडलेल्या वस्तूची होती.

विज्ञानात हा शब्द एकदम आला नाही. धूमकेतूच्या शीर्षातील तेजस्वी भागाला तो आधी लावला गेला. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किड कुलातील वनस्पतींच्या पेशींत वारंवार आढळणाऱ्या एका गोलसर ठिपक्याकडे लक्ष वेधले आणि त्यासाठी हा शब्द सुचविला. फळातील बीजाची प्रतिमा वनस्पतीच्या अभ्यासकाला सुचावी, हे स्वाभाविकच होते. भौतिकीतील कथा अधिक उद्बोधक आहे. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणूची जी नवी रचना मांडली, त्या निबंधात त्यांची भाषा मध्यवर्ती प्रभाराची होती. ‘न्यूक्लिअस’ हा शब्द त्यांच्या लेखनात त्यानंतर, १९१२ मध्ये आला. प्रथम स्थान सांगितले गेले आणि मग वस्तू. अणूचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान ज्या भागात एकवटले आहे, त्याचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारांश ते लक्षांश इतकाच आहे. अशा पदार्थाचे नुसते ठिकाण सांगून भागत नाही. ती एक वस्तू आहे, तिला स्वतःची घडण आहे, ती फुटते, तिच्यातून काही बाहेर पडते, हे सांगावे लागते. बदाम फोडल्यावर गर निघावा तसे.

इतर भाषांनी येथे काय केले हे पाहणे उपयुक्त ठरेल. जर्मन भाषेने लॅटिन शब्द बाजूस ठेवून ‘केर्न’ हा आपला घरचा शब्द घेतला. त्याचा अर्थ फळातील बी, गर. पेशीचाही केर्न आणि अणूचाही केर्न. जपानीत अणूच्या आणि पेशीच्या या भागासाठी जे चिन्ह वापरतात, त्याचाही जुना अर्थ फळाची कोय असाच आहे. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ, बीज; त्यावरून ‘अणुक्करु’. हिंदीने मात्र दोन वाटा केल्या. पेशीतील घटकाला ‘केंद्रक’ आणि अणूतील घटकाला ‘नाभिक’. नाभी म्हणजे बेंबी, तसेच रथाच्या चाकाचा तुंबा, जेथे सर्व आरे येऊन मिळतात. ही प्रतिमा समर्पक आहे. चाकाचा तुंबा हा बिंदू नसून लाकडाचा भरीव ठोकळा असतो. मराठीने शालेय स्तरावर दोन्ही ठिकाणी ‘केंद्रक’ स्वीकारला.

केंद्राचा प्रवास

‘केंद्र’ हा शब्द संस्कृत असल्याची आपली समजूत इतकी पक्की आहे की, तो ग्रीक आहे असे सांगितल्यास पदव्युत्तर वर्गातही आश्चर्य व्यक्त होते. ग्रीकमध्ये ‘केन्तेइन’ म्हणजे टोचणे. त्यावरून ‘केन्त्रॉन’ म्हणजे टोचण्याचे साधन, बैल हाकण्याची अणकुचीदार काठी, पराणी. पुढे वर्तुळ काढताना कर्कटकाचे जे टोक एका जागी रोवून ठेवायचे, ते टोक. आणि मग ते टोक जेथे रुतते तो बिंदू. लॅटिनमधील ‘केन्त्रुम’ व इंग्रजीतील ‘सेंटर’ याच वंशातील. शाळेत कंपासपेटी उघडून लोखंडी टोक कागदात रोवणारा मुलगा या शब्दाचा मूळ अर्थ नकळत हाताने गिरवीत असतो.

हा शब्द संस्कृतात आला तो भूमितीतून नव्हे, तर ज्योतिषातून. फलज्योतिषात लग्न, चतुर्थ, सप्तम व दशम या चार स्थानांना ‘केंद्र’ म्हणतात. ‘गुरू केंद्रात आहे’ हे वाक्य पत्रिका पाहणाऱ्या घरांतून आजही ऐकू येते. ग्रीक ज्योतिषातही याच चार स्थानांना केन्त्रॉनचे अनेकवचन लावीत. या शब्दाबरोबर त्याचे सोबतीही आले. ‘पणफर’, ‘आपोक्लिम’, ‘जामित्र’, ‘होरा’, ‘द्रेष्काण’, ‘लिप्ता’ हे शब्द त्याच मार्गाने आलेले आहेत. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त केंद्रस्थानांना ‘कंटक’ असाही पर्याय दिला आहे. कंटक म्हणजे काटा. टोचणाऱ्या वस्तूसाठी टोचणाराच शब्द, आणि तोही ध्वनीने मुळाच्या जवळ जाणारा. ग्रीक शब्दाचा अर्थ माहीत असलेल्या कोणीतरी हे भाषांतर केले असावे, असा तर्क करण्यास येथे जागा आहे. तो खरा असल्यास, आपल्या परिभाषेच्या इतिहासात ध्वनी आणि अर्थ दोन्ही सांभाळणारा असा पर्याय फार जुना ठरेल.

गणितज्योतिषात या शब्दाने वेगळेच वळण घेतले. ‘सूर्यसिद्धान्ता’त ग्रह आणि त्याचे उच्च यांच्या भोगांतील अंतराला ‘केंद्र’ म्हटले आहे. मंदकेंद्र आणि शीघ्रकेंद्र हे त्याचे प्रकार. म्हणजे येथे केंद्र हा बिंदूही नाही, तो एक कोन आहे. वर्तुळाचा मध्यबिंदू या अर्थाने ‘केंद्र’ संस्कृतात ठसठशीतपणे दिसतो तो बऱ्याच नंतर, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जगन्नाथ सम्राट यांनी अरबीवरून केलेल्या यूक्लिडच्या रूपांतरात, म्हणजे ‘रेखागणिता’त. त्यांच्यासमोरचा अरबी शब्द ‘मर्कज’. त्याचा धात्वर्थ भाल्यासारखी वस्तू जमिनीत रोवणे. ग्रीक पराणी, अरबी भाला आणि संस्कृत काटा यांची प्रतिमा एकच असावी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या संदर्भात ठाणे-कल्याण परिसराचा उल्लेख दोन कारणांनी आवश्यक ठरतो. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. तेथील व्यापारावर निर्बंध आल्यामुळे या बंदरात येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही त्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून येतात. कार्ले येथील स्तंभांवर आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नोंद आहे. ग्रीक ज्योतिषाचे संस्कृत रूप दाखविणारा ‘यवनजातक’ हा ग्रंथ पश्चिम भारतात रचला गेला असे डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ च्या आपल्या आवृत्तीत मांडले. त्यांनी दिलेला तिसऱ्या शतकाचा काळ मात्र २०१३ मध्ये बिल माक यांनी हस्तलिखितांच्या फेरतपासणीनंतर अमान्य केला. ‘केंद्र’ हा शब्द कल्याणच्याच धक्क्यावर उतरला, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही आणि तसे म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा. परंतु ज्या किनाऱ्यावर यवनांची जहाजे लागत होती आणि ज्या घाटमार्गांवर ते दाने देत होते, त्या किनाऱ्याच्या भाषेत एखादा ग्रीक शब्द अगदी घरचा होऊन बसावा, यात ऐतिहासिकदृष्ट्या अनपेक्षित असे काही नाही.

दुसरे कारण शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे होय. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा गावी शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी जो अभ्यास केला, त्याचे फळ म्हणजे १८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ. ज्योतिषातील ग्रीक शब्दांच्या आधारे संपूर्ण शास्त्रच बाहेरून आले असे म्हणणाऱ्या युरोपीय पंडितांशी त्यांनी वाद घातला. मात्र हे शब्द ग्रीक नाहीत असा आग्रह धरून नव्हे. शब्दाचे मूळ आणि शास्त्राचे मूळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाणीव त्यांच्या विवेचनामागे आहे. विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या वादात हीच जाणीव हरवली. सावरकरांच्या लेखनाने सुरू झालेल्या आणि माधव जूलियनांच्या ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) या पुस्तकापर्यंत पोचलेल्या त्या चर्चेत फारसी, अरबी आणि इंग्रजी शब्दांवर नजर होती. ‘केंद्र’ संशयितांच्या यादीत येण्याचे कारणच नव्हते, कारण तो संस्कृत कोशात दीड हजार वर्षे आधी येऊन बसला होता.

येथे एक उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. कलिंगडाच्या किंवा भोपळ्याच्या बिया सोलून आतला जो पांढरा गर मिठाईवाले वापरतात, त्याला मराठीत ‘मगज’ म्हणतात. अर्थाने हा शब्द ‘नुक्लेउस’च्या तंतोतंत जवळ आहे. पण तो फारसी ‘मग्ज’वरून आलेला, म्हणून परका. प्रत्यक्षात हा फारसी शब्द आणि संस्कृत ‘मज्जन्’, म्हणजे आपली ‘मज्जा’, एकाच मूळ इंडो-इराणी शब्दाची दोन रूपे आहेत. तेव्हा सोयरिकीच्या हिशेबाने ‘मगज’ हा चुलत घराण्यातला आणि ‘केंद्र’ हा पार दुसऱ्या देशातून आलेला पाहुणा ठरतो. शब्दाच्या अंगावरील वस्त्रे पाहून त्याचे कूळ ठरविण्याची पद्धत किती फसवी आहे, हे याहून अधिक स्पष्ट करण्याची गरज नाही.

मराठीतील घडण

विसाव्या शतकात मराठी शास्त्रीय परिभाषेचे संकलन अनेकांनी केले. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा-कोश’ (१९४८), राज्याच्या भाषा संचालनालयाचे कोश आणि मराठी विश्वकोशाचा १९७३ मधील परिभाषा संग्रह हे त्यातील ठळक टप्पे. या काळात ‘न्यूक्लिअस’साठी एकच शब्द स्थिर झाला नव्हता. विश्वकोशाच्या भौतिकीविषयक नोंदींत ‘अणुकेंद्र’ आणि ‘अणुकेंद्रीय’ ही रूपे येतात. वनस्पतिविज्ञानाच्या नोंदींत पेशीतील घटकाला ‘प्रकल’ म्हटलेले आढळते आणि पुढे कंसात त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. ललित विज्ञानलेखनात ‘अणुगर्भ’ हा शब्दही वावरतो. ‘प्रकल’ रुजला नाही, याचे नवल वाटू नये. मराठी वाचकाला त्या शब्दातून काहीच दिसत नाही. दरवेळी कंसाचा आधार घेणारी संज्ञा ही संज्ञा नसून कोड्याचे उत्तर असते.

‘अणुकेंद्र’ मागे पडण्याचे कारण वेगळे आहे. दरम्यानच्या काळात ‘केंद्र’ या शब्दाचा अफाट अर्थविस्तार झाला. केंद्र म्हणजे दिल्लीचे सरकार; केंद्र म्हणजे परीक्षेची जागा; केंद्र म्हणजे दवाखाना, आकाशवाणीची इमारत, मतदानाची खोली. डोंबिवलीच्या स्थानकाबाहेर पडणाऱ्या नोकरदार माणसाला पहिली आठवण येते ती ‘पोळी-भाजी केंद्रा’ची. कर्कटकाचे टोक रुतते तो बिंदू असा मूळ अर्थ असलेला शब्द येथे पोळ्यांच्या चळतीपर्यंत येऊन पोचला आहे, आणि अर्थविस्ताराचा पाठ शिकविताना याहून चांगले उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. या विस्तारामुळे ‘अणुकेंद्र’ संदिग्ध झाला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नावात ‘अणु’ही आहे आणि ‘केंद्र’ही; पण तेथे केंद्र म्हणजे संस्था. ‘अणुकेंद्राला भेट’ या शब्दांनी वाचकाला फाटकावरचा पहारेकरी दिसावा, प्रोटॉन-न्यूट्रॉन नव्हेत, अशी स्थिती आली.

‘केंद्रक’मधील ‘क’ हा प्रत्यय या अडचणीतून मार्ग काढतो. तो शब्दाला सार्वजनिक व्यवहारापासून वेगळे करतो. संस्कृतात ‘क’ हा लघुत्वदर्शकही आहे, जसे बाल–बालक, पुत्र–पुत्रक. लॅटिन ‘नुक्लेउस’ हेही लघुत्वदर्शक रूपच. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांच्या मनात हे साम्य होते असे समजण्याचे कारण नाही, परंतु प्रत्ययाने आपले काम चोख केले. बिंदूला आकार नसतो, म्हणून ‘छोटे केंद्र’ या शब्दप्रयोगाला भूमितीत अर्थ नाही. ‘केंद्रक’ला मात्र आहे, कारण ‘क’ लागताच जागेची वस्तू झाली.

शब्दाची साधनक्षमता ही आणखी एक बाजू आहे. जीवशास्त्रातील एका मूलभूत विभागणीसाठी पाठ्यपुस्तकांत ‘आदिकेंद्रकी’ आणि ‘दृश्यकेंद्रकी’ पेशी असे शब्द आहेत. मूळ संज्ञांत ग्रीक ‘कारिऑन’ म्हणजे पुन्हा कवचाचे फळच आहे. म्हणजे युरोपीय परिभाषेने लॅटिन फळावरून एक आणि ग्रीक फळावरून दुसरा असे दोन शब्दसमूह बाळगले. मराठीने एकाच ‘केंद्रक’वर दोन्ही पेलले. येथे मराठी संज्ञा मूळ संज्ञेपेक्षा अधिक सुसंगत आहे, हे मान्य करावे लागेल.

गाभ्याचे घराणे

तरीही ‘केंद्रक’मध्ये जे नाही ते ‘गाभा’मध्ये आहे. ‘गाभा’ हा संस्कृत ‘गर्भ’, प्राकृत ‘गब्भ’ यावरून आलेला तद्भव शब्द. टर्नर यांच्या इंडो-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ‘गर्भ’चा हा विस्तृत परिवार पाहता येतो. मराठीत त्याची मुले-नातवंडे चहूकडे पसरली आहेत. गाय ‘गाभण’ राहते. चिंच ना कच्ची ना पिकली अशा अवस्थेत ‘गाभुळते’. केळीचा खांब सोलत गेल्यावर शेवटी उरतो तो पांढरा, ओलसर ‘गाभा’, आणि त्याची भाजीही होते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून कल्याणच्या बाजारापर्यंत माशाच्या पोटातील अंड्यांना ‘गाबोळी’ म्हणतात, तीही याच घरातली. या सर्व शब्दांत एक समान सूत्र आहे. आत काहीतरी आहे, ते जिवंत किंवा जीवनक्षम आहे, आणि त्याच्याभोवती आवरण आहे.

‘गर्भागार’ या संस्कृत शब्दापासून मराठीत ‘गाभारा’ झाला. कल्याणपासून काही मैलांवर असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात, जेथे शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलाहारकालीन लेख आहे, मंडपातून गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. गाभारा तेथे मंडपाच्या पातळीखाली आहे. आराखड्यावर पाहिले तर तो मंदिराच्या लांबीचा मध्यबिंदू नाही. तो एका टोकाला आहे. आणि तरीही मंदिर ज्यासाठी आहे ते तेथेच आहे. केंद्र आणि गाभा या दोन कल्पनांतील अंतर या वास्तूइतके सुबकपणे क्वचितच दिसते. केंद्र मोजून काढता येते. गाभ्यापर्यंत जावे लागते.

‘गाभा’ हा बोलीतला शब्द असल्याने त्याला शास्त्रीय परिभाषेत स्थान मिळणे अवघड, असे कोणी म्हणेल. परंतु मराठी भूगोलाने हा आक्षेप कधीच निकालात काढला आहे. पृथ्वीच्या अंतरंगाचे शालेय वर्णन भूकवच, प्रावरण आणि गाभा असे आहे. ‘बाह्य गाभा’ आणि ‘अंतर्गाभा’ असे त्याचे पोटभेद आहेत. तत्सम ‘अंतर्’ आणि तद्भव ‘गाभा’ यांचा हा संकर शुद्धिवाद्याला रुचणार नाही, पण विद्यार्थ्याला तो मुळीच खटकत नाही. गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर आणि इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये ओळखलेल्या अंतर्गाभ्याची सुमारे १,२२० किलोमीटर. या एवढ्या प्रचंड गोळ्याला ‘केंद्र’ म्हणणे शक्यच नव्हते, कारण पृथ्वीचे केंद्र हा तिच्या गाभ्यातील एक बिंदू आहे. भूगोलाने ही दोन्ही पदे आपापल्या जागी ठेवली. भूकंपविज्ञानाच्या मराठीतही, जेथे हादरा उगम पावतो त्या खोलवरच्या जागेला ‘भूकंपनाभी’ आणि भूपृष्ठावरील तिच्या थेट वरच्या बिंदूला ‘अपिकेंद्र’, असा भेद पाळला जातो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वृत्तपत्रांनी सरसकट ‘केंद्रबिंदू’ रूढ केला आणि हा भेद सामान्य वाचकापुरता पुसला गेला, ही गोष्ट निराळी.

मग भौतिकीने ‘अणूचा गाभा’ का म्हटले नाही? कारण साधनक्षमतेचेच असावे. ‘गाभा’ला विशेषणाचे प्रत्यय सहज लागत नाहीत. ‘गाभीय’, ‘गाभिक’ ही रूपे कानाला सोसत नाहीत. ‘अणुगर्भ’ला ‘अणुगर्भीय’ करता येते, म्हणून तो काही काळ टिकून राहिला. पण ‘गर्भ’ या तत्सम रूपाला मराठीत भ्रूणाचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे की, जीवशास्त्रात पेशीच्या संदर्भात त्याचा वापर निव्वळ घोटाळा करील. तद्भव ‘गाभा’ अर्थाने योग्य पण व्याकरणाने हट्टी. तत्सम ‘गर्भ’ व्याकरणाने सोयीचा पण अर्थाने अडचणीचा. मराठी परिभाषेची ही नेहमीची कोंडी आहे आणि ‘केंद्रक’ने ती फोडली, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. मात्र पाठ्यपुस्तकात या संज्ञेची व्याख्या देताना ‘अणूचा गाभा’ हे दोन शब्द स्पष्टीकरण म्हणून घातले, तर हरवलेला गर परत मिळतो. ‘केंद्रक म्हणजे मध्यभागी असलेला भाग’ ही व्याख्या संज्ञेचाच प्रतिध्वनी आहे; ती विद्यार्थ्याला नवे काही सांगत नाही.

साहित्याच्या अध्यापकाचा या विवेचनाशी अधिक निकटचा संबंध आहे. समीक्षेच्या आणि प्रश्नपत्रिकांच्या भाषेत ‘केंद्र’ आणि ‘गाभा’ हे शब्द समानार्थी म्हणून वापरले जातात. ‘कादंबरीच्या केंद्रस्थानी काय आहे’ आणि ‘कादंबरीचा गाभा कोणता’ हे प्रश्न एकच समजून विद्यार्थी एकच उत्तर लिहितात, आणि परीक्षकही ते स्वीकारतात. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) या दृष्टीने पाहावी. तिच्या केंद्रस्थानी पांडुरंग सांगवीकर आहे, यात वाद नाही. कादंबरीतील सर्व अंतरे त्याच्यापासून मोजली जातात, सर्व माणसे त्याच्या निवेदनातून दिसतात. पण तिचा गाभा पांडुरंग आहे असे म्हणता येईल काय? धाकट्या बहिणीचा मृत्यू ज्या पृष्ठांत येतो तो भाग कादंबरीच्या विस्ताराच्या हिशेबाने थोडा आहे आणि रचनेच्या हिशेबाने मध्यबिंदूही नाही. तरी अनेक वाचकांना कादंबरी तेथे सापडते. शिवाय शीर्षकच आवरणाचे आहे. कोसल्याच्या आत काय आहे, हा प्रश्न ते वाचकावर सोडते. केंद्र हे रचनेचे पद आहे आणि गाभा हे आशयाचे. देरिदा यांच्या १९६६ च्या व्याख्यानानंतर समीक्षेत केंद्राच्या विस्थापनाची जी चर्चा सुरू झाली, ती मराठीत आणताना ‘गाभा’ हा शब्द वापरला गेला तर अर्थाचा अनर्थ होतो. केंद्र हलविता येते. गाभा हलविता येत नाही. फार तर तो पोकळ निघतो.

या शब्दकुळातील एक संज्ञा अजून उरते आणि ती समाजशास्त्रातील आहे. आई, वडील व अविवाहित मुले एवढ्याच घराला इंग्रजीत ज्या विशेषणाने ओळखतात, ते याच लॅटिन गरावरून आले आहे. १९४९ मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मर्डॉक यांच्या ग्रंथाने ते विशेषण रूढ केले. त्यांच्या मते हे छोटे घर हा सर्व कुटुंबप्रकारांचा मूळ कण; त्यावर थर चढत जाऊन मोठी कुटुंबे बनतात. मराठीत ‘केंद्र-कुटुंब’ असा पर्याय पाठ्यपुस्तकांत येतो, पण व्यवहारात चालतो तो ‘विभक्त कुटुंब’. या दोन शब्दांची दृष्टी परस्परविरुद्ध आहे. इंग्रजी संज्ञा लहान घराला बीज मानते. मराठी संज्ञा त्याला फुटून निघालेला तुकडा मानते. मुंबईत नोकरी करून डोंबिवलीत दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटणाऱ्या, गणपतीला गावी जाणाऱ्या आणि रेशनकार्डावर वेगळे नाव लावणाऱ्या पिढीसाठी हा शब्द घडला नसेलही, पण तिला तो नेमका लागू पडला. ‘विभक्त’ असे म्हणणारा माणूस डोंबिवलीच्या खोलीत उभा राहून बोलत नाही. तो गावच्या घराच्या ओटीवरून बोलतो, जेथून कोणीतरी निघून गेलेले आहे.